खावेसे वाटणे : प्रयोगशाळेतले आणि पाड्यावरचे

मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथे, डावीउजवीकडे बसवायचे. रबरी पट्टीने आवळायचे. त्यांतून दोन मिलिअँपिअर इतका क्षीण विद्युत्प्रवाह वीस मिनिटे सोडायचा. टाळूला थोडी खाज सुटते, मुंग्या येतात. त्यापलीकडे बसलेल्या माणसाला फारसे काही जाणवत नाही. नंतर तोंडाला पाणी सुटेल असे पदार्थ समोर ठेवायचे आणि विचारायचे, आता किती खावेसे वाटते?

बोस्टनच्या फेलिपे फ्रेग्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा प्रयोग केला आणि २००८ साली प्रसिद्ध केला. माणसे फक्त २३ होती. मेंदूच्या पुढच्या भागाची उजवी बाजू चेतवली आणि डावी मंदावली, तेव्हा त्यांची तलफ उतरली. त्याआधी २००५ मध्ये लंडनच्या रुडॉल्फ ऊहर यांनी चुंबकीय लहरींचे यंत्र वापरून तलफ आटोक्यात राहते असा निष्कर्ष काढला होता. त्यांच्या २८ सहभागींत एकही पुरुष नव्हता. पुढच्या कित्येक अभ्यासांतही बायकाच बसवल्या गेल्या. खाण्याची ओढ ही बायकांची बाब, हे संशोधकांनी मोजण्याआधीच धरून ठेवले होते, असे म्हणायला जागा आहे.

या समजुतीला आकड्यांचा आधार अगदीच नव्हता असे नाही. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात १९९१ साली हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा ९७ टक्के मुलींनी आणि ६८ टक्के मुलग्यांनी अशी ओढ येते असे सांगितले. २००९ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जीन-जॅक वांग यांच्या गटाने आणखी खोलात जाऊन पाहिले. उपाशीपोटी असलेल्या १३ स्त्रिया आणि १० पुरुषांना त्यांच्या आवडीचे अन्न दाखवले, हुंगवले, आणि ‘मन आवरा’ असे सांगितले. मन आवरताना पुरुषांच्या मेंदूतले भावना आणि बक्षिसाशी जोडलेले भाग शांत झाल्याचे चित्रांत दिसले. स्त्रियांच्या बाबतीत तसे दिसले नाही, जरी भूक कमी झाल्याचे त्यांनीही सांगितले होते. वर्तमानपत्रांनी याचा मथळा काय केला असेल, हे वेगळे सांगायला नको. तेवीस माणसांवरून निम्म्या मानवजातीच्या संयमाचा निकाल लागला.

मग साहजिक प्रश्न आला: विजेचा परिणाम स्त्रियांवर आणि पुरुषांवर सारखाच होतो का? याचे सर्वांत थेट उत्तर २०१६ साली अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम केंद्रातून आले. आवर न राहता एकदम भरमसाट खाण्याचा त्रास असलेल्या ३० जणांवर एमिली बर्जेस आणि सहकाऱ्यांनी प्रवाह सोडला. गोड आणि चमचमीत पदार्थांची तलफ घटली, आणि ती पुरुषांत सर्वांत जास्त घटली. प्रत्यक्ष खाणेही सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाले. मात्र खाण्यातली ही घट स्त्री-पुरुष दोघांत सारखीच होती. म्हणजे फरक पडला तो ओढीच्या सांगण्यात. ताटात तो दिसला नाही.

आणि त्याच प्रयोगशाळेने तीन वर्षांनी स्वतःच्याच निष्कर्षाखालची सतरंजी ओढली. वजन जास्त असलेल्या लोकांपैकी काहींना खरा प्रवाह दिला, काहींना खोटा. पण कोणाला काय दिले जात आहे हे सांगताना मुद्दाम अदलाबदल केली. ‘तुम्हाला खरा प्रवाह मिळतो आहे’ असे ज्यांना सांगितले त्यांची तलफ उतरली आणि ते कमी जेवले, प्रवाह खरा असो की खोटा. २०१७ साली कॅनडातल्या कॅसंड्रा लो आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास एकत्र तोलले तेव्हाही चित्र असेच होते. चुंबकीय यंत्राने तलफ घटते, विजेच्या प्रवाहाचा मात्र भरवसा नाही, आणि माणूस प्रत्यक्षात किती खातो यावर दोन्हींचा ठाम परिणाम सापडत नाही. ज्या उपायाचा मूळ परिणामच असा हलता आहे, त्यातला स्त्री-पुरुष फरक मोजायला बसणे म्हणजे धुक्यात सावली मोजणे होय. त्यात पुन्हा मासिक पाळीचा हिशेब. पाळीच्या आधीच्या दिवसांत बऱ्याच स्त्रियांचे खाणे थोडे वाढते, पण यंत्राखाली बसलेली बाई त्या दिवशी महिन्याच्या कोणत्या टप्प्यावर होती, याची नोंद अनेक अभ्यासांत ठेवलेलीच नाही.

हा फरक मेंदूच्या घडणीतूनच येतो, या समजाला दुसरीकडूनही धक्के बसले आहेत. चॉकलेट हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पाळीच्या सुमारास चॉकलेट खावेसे वाटते, असे अमेरिकेत खूप बायका सांगतात. स्पेनमध्ये ते प्रमाण पुष्कळ कमी भरते. २०१७ साली ज्युलिया होर्म्स यांनी अमेरिकेतल्याच तरुणींत भेद करून पाहिला. परदेशात जन्मून तिकडे गेलेल्या मुलींत ही ओढ थोडक्यांनीच सांगितली, स्थलांतरितांच्या तिथे जन्मलेल्या मुलींत मात्र तिचे प्रमाण दुपटीहून जास्त निघाले. संप्रेरके दोघींची तीच. बदलले ते भोवतालचे बोलणे.

आणि पुरुषांना ओढ कमी असते म्हणावे, तर मिनेसोटाचे काय करायचे? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अँसेल कीज यांनी तिथे ३६ तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते युद्धाला नकार देणारे, स्वखुशीने आलेले, निरोगी पुरुष होते. बटाटे, सलगम, पाव आणि मॅकरोनी एवढ्यावर त्यांचे वजन पाव हिश्श्याने उतरले. त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नच घोळू लागले. ते पाककृतींची पुस्तके वाचत, कात्रणे जमवत, ताटल्या चाटत. कामवासना विझली, पण जेवणाची स्वप्ने संपेनात. काहींनी प्रयोगानंतर स्वयंपाकी व्हायचे ठरवले. पुरुषाचा मेंदू ओढीपासून सुरक्षित आहे असे म्हणणाऱ्याने या प्रयोगाच्या अहवालाचे दोन खंड चाळावेत. १९५० साली ते छापले गेले.

इथून पालघर जिल्ह्याच्या डोंगरात यावे लागते. वर सांगितलेले जवळजवळ सगळे अभ्यास पोटभर जेवणाऱ्या माणसांवर झाले, आणि तलफ ही दाबून टाकायची गोष्ट आहे, हे त्यांचे गृहीत होते. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. तिथे हा प्रश्न उलटा होतो. तिथली ओढ हे एक लक्षण आहे, आणि ते कुणीतरी ऐकायला हवे.

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, १९४८ मध्ये विलीन झालेले. उंचावरच्या थंड हवेमुळे त्याला ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत. पाऊस इथे धो धो पडतो. मोखाड्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणाचे धरण आहे, त्याचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांना टँकर लागतो. या तालुक्यांची नावे महाराष्ट्राला पाठ झाली ती मात्र दुसऱ्याच कारणाने. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने शंभराहून अधिक मुले दगावली. त्यानंतर १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या खोच गावच्या बालमृत्यूच्या निमित्ताने तीच चर्चा पुन्हा पेटली. मधल्या काळात ठाणे जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. बातम्यांत मूल दिसते. त्या मुलाची आई गरोदर असताना काय खात होती आणि तिला काय खावेसे वाटत होते, हे बातमीत येत नाही.

इथल्या वर्षाला एक लय आहे. सुगीनंतर घरात भात, नागली, वरई, उडीद असतो. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामावर जातात आणि होळीला परततात. पाऊस सुरू झाला, पेरणी-लावणी झाली, की कणग्या तळाला लागतात; आषाढ-श्रावणापासून नवे धान्य येईपर्यंतचे दिवस सर्वांत ओढाताणीचे. त्याच दिवसांत जंगल मात्र देत असते: पावसाच्या तोंडावर शेवळे, मग लोत, कोळीची भाजी, बाफळी, कुरडू, करांदे, ओढ्यातल्या चिंबोऱ्या. नागलीची भाकर, आंबील, तोंडी लावायला सुकट किंवा मिरची. नवी पालेभाजी, नवा भात देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचा नाही, हा नेम वारल्यांत आहे. कोवळ्या भाजीला वाढू द्यायचे, म्हणून जंगलाच्या हिताचाही तो आहे. संयम फक्त कपाळामागच्या पेशींत राहतो असे मानणाऱ्या संशोधकाने या नेमाचा विचार करायला हरकत नाही. सगळा पाडा मिळून तो पाळतो आणि त्यात बाप्ये-बाया असा भेद नसतो.

भेद येतो तो वाढण्यात. कष्टाला जाणारा बाप्या आधी, मग पोरे, मग उरले ते बाईला. हे फक्त आदिवासी घरातच घडते असा आव कुणी आणू नये. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतही ताटांचा क्रम बराच काळ हाच होता. फरक इतकाच की तिथे शेवटीही पुरेसे उरते.

परिणाम रक्तात दिसतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, पुरुषांत हे प्रमाण २२ टक्के. हा सरासरी महाराष्ट्र झाला. डोंगराळ आदिवासी पट्ट्यात त्यावर आणखी थर चढतात: अनवाणी पायांतून शिरणारे अंकुशकृमी, हिवताप, सिकलसेल, लागोपाठची बाळंतपणे, आणि जेवणाबरोबरचा कोरा चहा, जो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. स्त्री-पुरुषांच्या ओढीतला फरक शोधायचाच असेल, तर या दोन आकड्यांमधल्या बत्तीस टक्क्यांपासून सुरुवात करावी. कारण लोह कमी पडले की ओढीचे रूपच पालटते.

माणसाला मग माती खावीशी वाटते. चुलीच्या पोतेऱ्याची भाजकी माती, खापराचा तुकडा, पहिल्या पावसाच्या वासाची ढेकळे, राख, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ. गावोगावच्या सुईणींना आणि नर्सबाईंना हे ठाऊक असते. जगभरच्या अभ्यासांची २०१५ साली एकत्र पडताळणी झाली, तेव्हा अशा अखाद्य गोष्टी खाणाऱ्यांत रक्तक्षयाची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक आढळली. हे आजचेही नाही. कालिदासाच्या रघुवंशात सुदक्षिणा राणी गरोदरपणी माती खाते आणि राजा तिच्या तोंडाचा तो वास घेतो. कवीने त्याचा अर्थ असा लावला की पोटातला मुलगा पुढे पृथ्वी भोगणार आहे. आजचा डॉक्टर राणीचे हिमोग्लोबिन तपासायला सांगेल.

या ओढीचा मेंदूशी धागा आहे, आणि तो विजेच्या स्पंजांपेक्षा अधिक भक्कम आहे. हवेसे वाटणे, मिळाल्यावर सुख होणे, पुन्हा हवे होणे या चक्रात डोपामीन हे रसायन मध्यवर्ती असते. ते तयार करणाऱ्या विकराला काम करायला लोह लागते. लोह कमी पडलेल्या उंदरांच्या मेंदूत डोपामीन पकडणारे ग्राहकही घटलेले आढळले आहेत. माणसांत याचा सर्वांत बोलका पुरावा दवाखान्यात मिळतो. सतत बर्फ चघळणाऱ्या रुग्णाला लोह सुरू केले की अनेकदा काही दिवसांतच, हिमोग्लोबिन नीट वर चढायच्या आधीच, ती ओढ नाहीशी होते. म्हणजे रक्त भरण्याआधी मेंदू निवतो. खाण्याची तलफ बदलणारा, स्वस्त आणि पुन्हा पुन्हा पडताळलेला एक उपाय हा असा आपल्या हाताशी आहे, आणि त्याला वीज लागत नाही.

इथे एक गोड समजूत बाजूला ठेवायला हवी. शरीराला जे हवे असते तेच ते मागते, म्हणून मातीतून बाईला लोह मिळत असणार, असे पुष्कळदा ऐकू येते. तसे नाही. १९६८ साली तुर्कस्तानातल्या मातीवर झालेल्या प्रयोगांत ती माती आतड्यात लोह बांधून ठेवते आणि शोषणच अडवते, असे दिसले. सगळ्या माती तशा नसतात, पण खाल्लेल्या मातीने रक्त वाढत नाही हे खरे. वर जंताची अंडी, कधी शिसे पोटात जाते. ओढ उणिवेची खबर देते, उपाय मात्र चुकीचा सुचवते. म्हणूनच ती ऐकणारे माणूस हवे.

ऐकण्याची एक जुनी रीत आपल्याकडे होती. आयुर्वेदाने गरोदर बाईच्या इच्छा पुरवाव्यात, नाहीतर गर्भाला बाधा होते, असे बजावले. मराठी मध्यमवर्गाने त्याचे डोहाळजेवण केले: ओटी, झोपाळा, फुलांचे दागिने, झाकलेल्या वाट्यांतून पेढा की बर्फी ओळखणे. थट्टा सोडली, तर या रीतीने बाईला एक गोष्ट दिली. निदान काही महिने ‘मला अमुक हवे’ असे ती मोठ्याने म्हणू शकत होती आणि सासूला ते ऐकावे लागत होते. मागण्याची ही मुभा प्रत्येक घरात सारखी नसते. आंबट कैरी किंवा चिंच मागणाऱ्या सुनेचे कौतुक होते. माती खाणारी मात्र लपून खाते. आणि जिला काही मागून मिळण्यासारखेच नाही, ती मागणेही सोडते. मॅकमास्टरच्या ९७ टक्के मुलींनी प्रश्नावलीत हो म्हटले, कारण हो म्हणण्यात त्यांचे काही जात नव्हते. पाड्यावर तीच प्रश्नावली नेली, तर आकडा कमी येईल असा माझा अंदाज आहे. त्याचा अर्थ ओढ कमी आहे असा लावणे घातक ठरेल.

२०१५ च्या अखेरीस राज्याने आदिवासी क्षेत्रात सुरू केलेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत बोलावून एक वेळचे गरम, पूर्ण जेवण द्यायचे: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, अंडे, शेंगदाण्याचा लाडू. पुढे मुलांनाही अंडी आणि केळी आली. यातली मर्माची गोष्ट कोणता पदार्थ ही नाही, जागा ही आहे. शिधा घरी नेला की तो सगळ्या घराचा होतो आणि ताटांचा जुना क्रम त्यालाही लागतो. अंगणवाडीत बसून जेवली की तो घास तिच्याच पोटात जातो. निधी वेळेवर न येणे, भाजीचे दर न परवडणे, पावसात वाट तुटणे, दोन पाड्यांतले अंतर या तक्रारी वर्षानुवर्षे आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तरी कल्पना म्हणून ती कपाळावरच्या स्पंजांपेक्षा कितीतरी जास्त शहाणी आहे, हे माझे मत. मन आवरण्याचा भार तिने बाईवर टाकला नाही, जेवणाचे ठिकाण बदलले.

पुरुषांच्या तलफेबद्दल मात्र सगळे गप्प असतात. ताडी, मोहाची दारू, तंबाखू, गुटखा. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, ती किती पाळली जाते ते टपरीवर कळते. बायकांत मिश्री आहे. तंबाखू भूक मारते, हे अर्धपोटी कष्ट करणाऱ्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. वीटभट्टीवर दुपार ढकलायची तर भाकरीपेक्षा पुडी स्वस्त पडते. म्हणजे पुरुषाच्या अन्नाच्या ओढीचे रूपांतर तंबाखूच्या ओढीत होते आणि मग ती व्यसनाच्या खात्यात जमा होते. बाईची ओढ डोहाळ्यांच्या किंवा वेडेपणाच्या खात्यात जाते. खाती अशी वेगळी पडल्यावर लिंगभेद तर दिसणारच. गंमत म्हणजे मेंदू चेतवण्याच्या यंत्रांना तंबाखूच्या बाबतीत मात्र यश आले आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चुंबकीय यंत्राला २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०२० मध्ये धूम्रपान सोडवण्यासाठी परवानगी दिली. खाण्याच्या तलफेसाठी अशी परवानगी त्याला मिळालेली नाही. भारतातही बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थांत विजेच्या प्रवाहाचे उपचार होतात, ते प्रामुख्याने स्किझोफ्रेनियासारख्या आजारांत.

आता या चित्रात पाच-दहा रुपयांची कुरकुरीत पाकिटे शिरली आहेत. डांबरी रस्ता पाड्याला पोचला की त्याबरोबर हा माल येतो आणि अंगणवाडीच्या खिचडीआधी पोराच्या हातात पडतो. मीठ, तेल, मसाला यांचे मिश्रण ओढ निर्माण करण्यासाठीच बेतलेले असते. ज्या घरात कालपर्यंत उणिवेची ओढ होती तिथे विकत घेतलेली ओढ तिच्यावर येऊन बसते. लोहाची कमतरता आणि वाढते वजन एकाच घरात नांदू लागतात. बोस्टन-बर्मिंगहॅमच्या संशोधनाचा जव्हारशी संबंध खरोखर जुळायचा असेल, तर तो या पिढीत जुळेल.

तोवर करण्यासारखे काम अगदी साधे आहे. गरोदर बाईच्या पहिल्याच तपासणीत, वजन-रक्तदाबाबरोबर, तिच्या बोलीत आणि सासू जवळ नसताना एक प्रश्न विचारायचा: माती, खापर, राख, कच्चे तांदूळ असे काही खावेसे वाटते का? हो म्हणाली तर ओरडायचे नाही. रक्त तपासायचे, सिकलसेलची चाचणी पाहायची, दुसऱ्या तिमाहीत जंताची गोळी द्यायची आणि लोहाच्या लाल गोळ्या ती खरेच गिळते का ते बघायचे. सरकारी नियमाप्रमाणे गरोदरपणात अशा १८० गोळ्या द्यायच्या असतात. मळमळते, शी काळी होते म्हणून त्या डब्यात राहतात. चहा आणि गोळी यांत अंतर ठेवायला सांगणे, उपाशीपोटी झेपत नसेल तर जेवणानंतर घ्यायला सांगणे, एवढ्यानेही फरक पडतो. नंतर महिन्याभराने पुन्हा विचारायचे की माती अजून आठवते का. ओढ विझत असेल तर गोळी पोटात जाते आहे, याची ती फुकट मिळणारी खूण आहे.

अडचण एकच, पण मोठी. दिवाळीत दिवस गेलेली बाई पहिल्या तपासणीपर्यंत मोखाड्यात राहत नाही. तिचे नाव पाड्याच्या अंगणवाडीत, अमृत आहाराचे ताट तिथेच, आणि ती स्वतः होळीपर्यंत वीटभट्टीच्या झोपडीत. भिवंडी-वसईच्या आरोग्य केंद्रांनी तिला आपली मानून हा प्रश्न विचारायचा की जव्हार-मोखाड्याच्या यंत्रणेने तिच्या मागे जायचे, हे आधी ठरवावे लागेल.